ठाण्याहून माथेरान : वाफेच्या इंजिनापाठी तीन दिवस

हिंदुस्थानातली पहिली प्रवासी आगगाडी ज्या गावात येऊन थांबली त्या गावात आम्ही वाढलो, आणि वाफेचं इंजिन बघायला मात्र आम्हाला नेरळ गाठावं लागलं. आमचं घर नौपाड्यात, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. दिवसभर लोकल आणि मेल कानांवरून जायच्या, सगळ्या विजेवर. पुस्तकातल्या गाडीला धूर काढलेला असतो, मग आपल्या गाडीला का नाही, असं मी आजोबांना विचारल्याचं मला अजून आठवतं.

आजोबांचा जन्म १९११ चा. १९२५ च्या फेब्रुवारीत बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत तारा ठाण्यावरून कल्याण, आणि तिथून पार पुण्याला आणि इगतपुरीला पोचल्या. म्हणजे आजोबांचं सगळं लहानपण धुराच्या गाडीच्या शेजारी गेलं. त्यांची आई उन्हाळ्यात अंगणात कुरडया घालायची. गाडीची शिट्टी ऐकू आली की घरातल्या पोरांनी धावत जाऊन वाळवणावर जुनं धोतर पसरायचं आणि गाडी गेली की काढायचं, हे त्यांचं सुट्टीतलं काम. एखादी गाडी हुकली की कुरडयांवर काळे कण बसायचे आणि पाठीत धपाटा बसायचा. हे सांगताना आजोबा नाकाने मोठा श्वास घ्यायचे, तो धूर अजून अंगणात असल्यासारखा.

१६ एप्रिल १८५३ ही तारीख आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. बोरीबंदर ते ठाणे, २१ मैल, १४ डबे, ४०० च्या आसपास पाहुणे, २१ तोफांची सलामी. गाडी ओढायला तीन इंजिनं : साहिब, सिंध आणि सुलतान. शेतकरी आपल्या बैलांची नावं घेतो तशी आजोबा ही नावं घ्यायचे. त्याच ठाण्यातल्या पोरांना इंजिन कसं असतं ते ठाऊक नसावं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

१९७८ च्या मे महिन्यात धाकट्या मामाने ते मनावर घेतलं. मामा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात बॉयलरवर होता. माझी अकरावी संपलेली, मावसभाऊ बारा वर्षांचा. माथेरानच्या गाडीला अजून वाफेचं इंजिन लागतं, ही पक्की खबर मामा काढून आला. आजोबांचे गुडघे गेलेले, त्यांना येणं शक्य नव्हतं. त्यांनी माझ्या हातात शंभराची नोट ठेवली आणि दोनशेपानी वही दिली. म्हणाले, "रोज रात्री लिहायचं. पॉइंट किती बघितले ते मला नको. इंजिन कसं चाललं ते लिही." पुढचं सगळं त्या वहीवरून.

शुक्रवार, १२ मे

वागळे इस्टेटला शुक्रवारची सुट्टी, म्हणून निघायचा दिवस शुक्रवार. मामाने शनिवारची रजा टाकली होती आणि रविवारची पाळी दुसऱ्याच्या गळ्यात घातली होती. पहाटे साडेचारला आजीने दशम्या, बटाट्याची सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मी पांढरा शर्ट घातला. आजी म्हणाली, "अरे, कोळशाच्या गाडीत पांढरा कशाला?" पण तो माझा एकुलता एक नवा शर्ट होता आणि असल्या प्रवासाला जुना घालून जायला मन होईना.

कर्जत लोकलला ठाण्यात खिडकी मिळाली. कळव्याच्या पुढे पारसिकचा बोगदा आला. १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून लांब. मावसभाऊ नेहमीप्रमाणे आत शिरताच ओरडला आणि सगळ्या डब्यातली पोरं त्याच्या मागोमाग ओरडली. कल्याणनंतर गाडी रिकामी झाली, खिडकीतून गार वारा यायला लागला. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी. उजव्या हाताला डोंगर जवळ येत गेला आणि नेरळला उतरलो तेव्हा तो अगदी डोक्यावर होता.

मोठ्या रुळांच्या शेजारीच छोटे रूळ. दोन फुटांचा गेज. मावसभावाने खाली वाकून दोन रुळांमध्ये आपले दोन्ही हात आडवे धरून बघितले, आणि एवढ्याशा रस्त्यावरून माणसं भरलेली गाडी डोंगरावर जाते हे त्याला खरंच वाटेना. फलाटाला गाडी लागलेली होती, पण तिच्या तोंडाशी डिझेल इंजिन. माथेरानला १९५० नंतरच्या दशकात जर्मनीहून डिझेल इंजिनं आली होती आणि दोन्ही जातींची इंजिनं एकाच मार्गावर आळीपाळीने चालत होती. मावसभाऊ पळत सुटला, त्याला खिडकी धरायची होती. मामाने त्याची कॉलर धरली आणि बुकिंगच्या खिडकीवर विचारलं, "वाफेची कधी आहे?" पुढची, असं उत्तर आलं. आमच्यासमोरून भरलेली गाडी निघून गेली आणि आम्ही तिघं रिकाम्या फलाटावर दशम्या सोडून बसलो. मावसभावाच्या डोळ्यांत पाणी होतं. मामा त्याला म्हणाला, "थोडा थांब. जन्मभर सांगशील."

इंजिन मला आधी ऐकू आलं. शेडच्या बाजूने एक लांब हुस्स झालं आणि मग ते हळूहळू मागे सरत फलाटाला आलं. काळं, बुटकं, दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या, मधोमध उंच धुराडं. मेलच्या इंजिनाशेजारी ते पोरासारखं दिसलं असतं. पण विजेचं इंजिन उभं असलं की नुसतं उभं असतं, हे उभ्या जागी जिवंत होतं. कुठून तरी पाणी ठिबकत होतं, कुठून तरी वाफ सुटत होती, पोटात काहीतरी गुरगुरत होतं. आणि वास! गरम तेल, ओली वाफ आणि कोळसा. मी डोळे मिटून घेतले, कारण तो वास मला आजोबांसाठी लक्षात ठेवायचा होता.

मामा सरळ ड्रायव्हरपाशी गेला. "नमस्कार साहेब, मीपण बॉयलरवरच असतो. ठाण्याला." एवढ्या एका वाक्यावर त्या दोघांची ओळख झाली. पुढची पंधरा मिनिटं ते पाण्याबद्दल बोलत होते. पाणी जड की हलकं, नळ्यांवर खपली किती धरते, काचेतली पातळी कशी राहते. ड्रायव्हर सांगत होते की सपाटीवरच्या बॉयलरचं आणि घाटातल्या बॉयलरचं गणित वेगळं. चढावर पाणी मागे सरकतं, उतारावर पुढे, म्हणून काचेत दिसतं ते पाणी आणि खरं पाणी यातला फरक ड्रायव्हरच्या डोक्यात असावा लागतो. भट्टीच्या छतावरचं पाणी हटलं तर घात. मामा मान हलवत ऐकत होता. कारखान्यात त्याच्या कामाबद्दल असं कुणी कधी बोललं असेल असं मला वाटत नाही.

मला त्यांनी चाकं दाखवली. एकूण सहा. पुढचा आणि मागचा कणा अशा रचनेचा की वळणावर ती चाकं जराशी बाजूला सरकतात, त्यामुळे इंजिन रुळाला अंग घासत नाही. ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीने माथेरानसाठी अशी चार इंजिनं बांधली. मार्ग बांधायला घेतला १९०४ साली आणि गाडी सुरू झाली १९०७ च्या मार्चमध्ये. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा, आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याची जिद्द. हे आजोबांनी मला आधीच सांगितलं होतं. ड्रायव्हरना मी ते घडाघडा म्हणून दाखवलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. शर्टावर पाचही बोटं उमटली.

पहिल्या डब्यात, इंजिनाच्या अगदी मागे बसलो. शिट्टी झाली. प्रत्येक डब्याला तेव्हा एक ब्रेकवाला असायचा. त्यांनी आपापली चाकं फिरवून ब्रेक सोडले आणि आम्ही निघालो. थोडं अंतर गाडी मोठ्या रुळांच्या सोबतीने जाते आणि मग वळून डोंगराला भिडते. इथून पुढे इंजिनाची खरी परीक्षा. खंडाळ्याच्या आणि कसाऱ्याच्या घाटात मोठ्या गाडीचा चढ ३७ फुटांत १ फूट आहे. इथे काही ठिकाणी २० फुटांत १ फूट. गाडी माणसाच्या भरभर चालीने जात होती आणि इंजिनाची एकेक धाप मोजता येत होती.

मामाने मावसभावाला मोजायलाच लावलं. "चाकाच्या एका फेऱ्यात किती धापा होतात बघ." तो खिडकीतून चाकाच्या दांड्यावर नजर लावून बसला. दोन वळणं गेल्यावर ओरडला, "चार!" मग मामाने आपल्या दोन मुठी पुढेमागे करून दाखवलं. दोन बाजूंना दोन सिलेंडर, प्रत्येकात दट्ट्या जाताना एकदा आणि येताना एकदा वाफ टाकून देतो, म्हणून चार. आणि ती वापरलेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर पडते तेव्हा आपल्यामागे भट्टीतली हवा ओढून नेते. भट्टी फुलते. म्हणजे इंजिनाला जितकं जास्त ओढावं लागतं तितका त्याचा विस्तव आपोआप पेटतो. "आमच्या बॉयलरला हवा द्यायला पंखा लावावा लागतो," मामा म्हणाला. "ह्याचं हे स्वतःच श्वास घेतं." वहीत मी हे वाक्य अधोरेखित केलं आहे.

जुम्मापट्टीला गाडी थांबली. ठाकर बायका पानांच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं घेऊन खिडक्यांशी आल्या. पुढे चढ आणखी कडक झाला. मार्ग घोड्याच्या नालेसारखा वळतो तिथे आमचं इंजिन आम्हाला डाव्या हाताला आख्खं दिसलं. धुराचा खांब सरळ वर जात होता, फायरमन वाकून बेलचाने कोळसा टाकत होता, भट्टीचं दार उघडलं की त्याच्या पोटावर आणि हातांवर तांबडा उजेड पडायचा. मी खिडकीतून जितकं बाहेर जाता येईल तितका गेलो. आणि तेवढ्यात डोळ्यात कण गेला.

डोळा उघडेना, पाणी थांबेना. बोगदा आला तेव्हा मी एका डोळ्याने तो बघितला. या मार्गावरचा एकुलता एक बोगदा, वन किस टनेल, एवढा छोटा की आत धूर भरायच्या आधी गाडी बाहेर. वॉटर पाइप स्टेशनावर इंजिन पाणी प्यायला थांबलं तेव्हा समोरच्या बाकावरच्या आजीबाईंनी मला खाली उतरवलं, पदराचं टोक पाण्यात भिजवलं, पापणी उलटी करून कण काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. खसखशीच्या दाण्याएवढा, काळा, कडक. "एवढाच होता बघ, बाळ." तो मी वहीच्या पहिल्या पानात दुमडून ठेवला होता. आता तिथे फक्त करडा डाग आहे.

वरच्या टप्प्यात मार्ग नागमोडी होतो, एकाच डोंगराला इकडून तिकडे वळसे. खाली बघितलं तर आपण मघाशी ज्यावरून आलो तेच रूळ दिसतात. मग एकाएकी झाडी दाट झाली, हवा गार झाली, माती लाल झाली. अमन लॉज गेलं आणि माथेरान आलं. नेरळपासून २१ किलोमीटर, सुमारे साडेसातशे मीटर चढून. उतरलो तेव्हा माझ्या शर्टाची डावी बाही राखाडी झाली होती आणि खांद्याजवळ ठिणगीने जाळलेली दोन भोकं होती.

मामाच्या ओळखीचे एक माळीबुवा एका जुन्या बंगल्याची राखण करायचे. त्यांच्या खोलीत पिठलं-भाकरी खाल्ली आणि कंदिलाच्या उजेडात मी नऊ पानं लिहिली.

शनिवार, १३ मे

मामाने साडेपाचला उठवलं. माळीबुवांनी सांगितलं होतं, गाडी वर येताना बघायची तर पॅनोरमा पॉइंटवर जा. गावापासून तो बराच लांब, लाल मातीच्या वाटेने झाडीतून चालत राहायचं. मोटारींना माथेरानात बंदी, त्यामुळे सगळीकडे पायांचा, घोड्यांच्या टापांचा आणि पाखरांचा आवाज. टोकाला पोचलो तेव्हा सूर्य वर यायला लागला होता. शेजारी पेबचा किल्ला, पलीकडे चंदेरीचा सुळका, खाली उल्हास नदीचं खोरं आणि काड्यापेटीएवढं नेरळ.

तिथे आम्ही दगडावर बसून राहिलो. मावसभाऊ कंटाळून झोपला. पहिली एक गाडी निघाली, तिला धूर नव्हता, म्हणजे डिझेल. मग बऱ्याच वेळाने नेरळच्या बाजूला एक पांढरा ठिपका वर आला. आवाज नाही. ठिपका डोंगराच्या आड गेला, पुन्हा दुसऱ्या वळणावर निघाला, यावेळी शेपटीसकट. मी मावसभावाला हलवलं. त्यानंतर तासाहून अधिक आम्ही ती गाडी बघत होतो. ती दिसायची, नाहीशी व्हायची, नाहीशी झाली तरी झाडांवरून धूर सरकत यायचा, त्यावरून कळायचं कुठे आहे. मग कधीतरी वाऱ्याबरोबर धापा ऐकू यायला लागल्या. आधी एकेक तुटक, मग सलग. शेवटी ती आमच्या पायाखालच्या कड्याला येऊन भिडली आणि चार-चारचा तो ताल दगडातून अंगात यायला लागला. कालच्याच ड्रायव्हरनी मामाला ओळखलं. शिट्टी दोनदा वाजली. त्या दरीत ती शिट्टी किती वेळ फिरत राहिली!

आजोबांना पॉइंट नको होते, आणि मलाही लिहावेसे वाटले नाहीत. शार्लोट तलाव बघितला, इको पॉइंटला ओरडलो, एका माकडाने आमची चिक्की पळवली. एक गोष्ट मात्र लिहून ठेवली आहे. माथेरानचा शोध लावणारा ह्यू मॅलेट हा ठाण्याचा कलेक्टर होता. १८५० च्या मे महिन्यात तो चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढून आला. म्हणजे माथेरानवर पहिला साहेब आला तो ठाण्याहून, आणि नंतर तीनच वर्षांत ठाण्याला आगगाडी आली. आमच्या गावाचा या डोंगराशी इतका जुना संबंध आहे हे वाचून आजोबा खूश होतील, असं मला वाटलं.

दुपारी पुन्हा स्टेशनात. गाडी खाली जायला अवकाश होता, इंजिन सावलीत उभं होतं आणि ड्रायव्हर-फायरमन डबा खात होते. आम्हाला बघून ड्रायव्हरनी हात धुतले आणि मावसभावाला म्हणाले, "ये वर." मीही मागोमाग चढलो. ठाकठीक दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. समोर पितळी मुठी, काचेची नळी, दाबाचं घड्याळ. हात लावशील तिथे गरम. फायरमनने भट्टीचं दार उघडलं आणि मी नकळत मागे सरलो.

विस्तव तांबडा असेल असं मला वाटलं होतं. तो पिवळट पांढरा होता, आणि मुळीच भडकत नव्हता. उभी गाडी, ओढ नाही, म्हणून तो शांत बसला होता. "आता बघ," मामा खालून म्हणाला. ड्रायव्हरनी एक मूठ जराशी फिरवली, धुराड्यात वाफेचा झोत सुटला आणि भट्टीतल्या निखाऱ्यांचा सगळा थर एकदम श्वास घेतल्यासारखा उजळला. मूठ बंद केली, थर पुन्हा मंद झाला. काल मामाने मुठी पुढेमागे करून जे सांगितलं ते आज डोळ्यांनी बघितलं. कॉलेजात पुढे मी उष्णतेचे सगळे नियम शिकलो, परीक्षा दिल्या, पण मला वाफ कळली ती त्या एका मिनिटात.

मावसभावाला बेलचा दिला. त्याला तो पेलेना. फायरमनने मागून हात धरला आणि दोघांनी मिळून कोळसा टाकला. "मध्ये नको, कडेला," फायरमन म्हणाला. "मध्ये ढीग झाला की हवा अडते. कोपरे भरायचे, मधलं आपोआप भरतं." मामाही एकदा चढला. तो काही बोलला नाही. पाण्याच्या काचेकडे बघत राहिला आणि उतरताना त्याने त्या पितळी मुठीला हात लावून तो छातीला लावला. कारखान्यात पाळी सुरू करताना तो बॉयलरला असाच नमस्कार करायचा, हे मला मामीने नंतर सांगितलं.

संध्याकाळी आभाळात अर्धा चंद्र होता. मामा बंगल्याच्या पायरीवर बसून विडी ओढत होता. मी विचारलं, "मामा, तुला रेल्वेत जायचं होतं का?" तो म्हणाला, "अर्ज केला होता. तेव्हा सांगितलं, वाफेवर आता भरती नाही." पुढे त्याने विषय बदलला. हे मी वहीत लिहिलं नव्हतं, कारण वही आजोबा वाचणार होते.

रविवार, १४ मे

सकाळी आधी बुकिंगच्या खिडकीवर वाफेची गाडी कोणती ते विचारून तिचीच तिकिटं काढली. या वेळी शेवटच्या डब्यात बसलो, ब्रेकवाल्याच्या जवळ. चढताना सगळं काम इंजिनाचं असायचं, उतरताना माणसांचं. इंजिन एक शिट्टी द्यायचं आणि प्रत्येक डब्याचा ब्रेकवाला आपलं चाक आवळायचा. दुसरी शिट्टी, थोडं सैल. कुणी जास्त आवळलं तर डबा मागे खेचायचा, कुणी सैल सोडलं तर पुढच्यावर बसायचा. आमचा ब्रेकवाला पन्नाशीचा, नेरळच्याच बाजूचा. त्याची नजर रुळावर नव्हतीच. तो कान देऊन बसला होता. मी विचारलं, "काका, शिट्टी ऐकू आली नाही तर?" तो म्हणाला, "पायाला कळतं." त्याने माझं पाऊल चपलेतून काढून डब्याच्या फळीवर ठेवायला लावलं. ब्रेक बसला की फळी एका तऱ्हेने थरथरायची, सुटला की दुसऱ्या. वळणामागून वळण मी अनवाणी उभा होतो. खालून तापलेल्या लोखंडाचा वास येत होता.

त्याच्या दोन्ही तळहातांवर चाकाच्या कडेचा घट्टा पडलेला होता, अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत. आगगाडी म्हटलं की सगळे इंजिनाचं नाव घेतात. मला तेव्हापासून तो हात आठवतो.

नेरळला उतरल्यावर ड्रायव्हरना भेटलो. मी आजोबांबद्दल सांगितलं. कुरडयांची गोष्ट, धोतर, साहिब-सिंध-सुलतान, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मग इंजिनाच्या कोळशाच्या पेटीतून त्यांनी मुठीएवढा एक तुकडा काढला आणि जुन्या वर्तमानपत्रात बांधून दिला. "आजोबांना द्या. म्हणावं, अजून चालू आहे."

ते आणखी थोडीच वर्षं चालू राहिलं. १९८० नंतर लवकरच माथेरानची वाफ बंद झाली. त्या चार इंजिनांपैकी ७४० क्रमांकाचं इंजिन आज इंग्लंडमध्ये लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेवर आहे. मार्गावरही संकटं आली. २००५ च्या जुलैतल्या पावसाने तो फोडून टाकला, २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा बंद पडला आणि २०२२ च्या ऑक्टोबरात गाडी परत पूर्ण चढायला लागली. मी आता घोडबंदर रोडला राहतो. दरवर्षी एकदा जाऊन येतो, डिझेलच्या मागे बसून, आणि जुम्मापट्टीच्या पुढे कधी कधी बोटांनी खिडकीच्या चौकटीवर चार-चारचा ताल धरतो. मावसभाऊ सोबत असला की तोही धरतो. मामा १९९६ साली गेला. शेवटपर्यंत वाफेवरच होता, आणि त्याच्या बॉयलरला त्याच्या हातून कधी काही झालं नाही.

त्या रविवारी लोकलला फार गर्दी होती. कोळशाची पुडी मी पोटाशी धरून उभा होतो. पारसिकच्या बोगद्यात मावसभाऊ या वेळी ओरडला नाही. तो उभ्या उभ्या मामाच्या खांद्यावर झोपला होता. ठाण्याला उतरलो तेव्हा दिवे लागले होते.

आजोबा ओटीवर वाट बघत बसले होते. मी पुडी त्यांच्या हातात दिली आणि निरोप सांगितला. त्यांनी वर्तमानपत्र सोडलं, तुकडा दिव्याशी धरून फिरवून बघितला. तेवढ्यात आजी बादली घेऊन आली. "काढ तो शर्ट आधी. काय अवतार करून घेतलास! आत्ता भिजवला नाही तर डाग जायचे नाहीत." मी शर्ट काढला. ती घेणार तोच आजोबांनी हात पुढे केला.

त्यांनी शर्ट चेहऱ्याशी नेला. बाहीची राखाडी बाजू. बराच वेळ तसेच बसून राहिले. ओटीवर कुणी काही बोललं नाही. मागून एक लोकल गेली.

मग ते आजीला म्हणाले, "आज नको भिजवूस."

शर्ट त्यांनी स्वतः उठून आपल्या पलंगाशेजारच्या खुंटीला लावला, आणि मला म्हणाले, "वही उद्या वाचतो. आधी जेवून घ्या."